मदत हवी आहे: बँडसाठी गिटारिस्ट मिळत नाहीये

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या नवीन बँडला चांगला गिटारिस्ट हवाय. बाकी सगळे जमलेत, गिटारिस्टच टिकत नाही. एक जण दोन ओळींच्या मध्ये जागा दिसली की सोलो घुसवायचा, एकाने नंतर फोनच उचलला नाही आणि एक खरंच छान वाजवायचा पण म्हणे इथे मला काही कामच नाहीये. इन्स्टावर टाकून झालं, म्युझिक शॉपमध्ये चिठ्ठी लावून झाली. कोजागरीला प्रोग्रॅम आहे हो. कुठे शोधायचा आणि चांगला आहे हे ओळखायचं कसं? प्लीज लवकर सांगा.

खर्ज:
गाव कुठलं? वाजवता काय? इलेक्ट्रिक की अकूस्टिक? पैसे देणार का? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

ठाणेकर_काका:
मी म्हणतो गिटार हवीच कशाला? चांगला हार्मोनियमवाला घ्या. आमच्या वेळी सगळी भावगीतं पेटी-तबल्यावर व्हायची आणि लोक रात्री दोनपर्यंत बसायचे.

मंद्रसप्तक:
काका, पेटी नकोय, गिटारच हवीये. पुणे, कोथरूड. अकूस्टिक. अभंग आणि आमची स्वतःची गाणी. प्रोग्रॅमचे जे मिळतील ते सगळ्यांत सारखे वाटणार, जॅमरूमचं भाडं आम्ही भरतो.

स्ट्रिंग_बदल:
०.०११ इंचाच्या फॉस्फर ब्रॉन्झ तारा लावा, आवाज एकदम खुलतो. आणि पिक मध्यम जाडीचा ठेवा.

खर्ज:
@स्ट्रिंग_बदल अहो त्यांच्याकडे गिटारिस्टच नाहीये, तारा लावणार कुणाच्या गिटारला?

कोपऱ्यातला_कट्टा:
पुण्यात असाल तर फिरोदिया करंडक (कॉलेजांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा) केलेल्या पोरांना विचारा. कॉलेजांच्या म्युझिक टीममध्ये दरवर्षी एकदोन गिटारवाले असतातच, नाटकाच्या मागे वाजवून वाजवून त्यांना कधी थांबायचं ते कळतं. माझ्या ओळखीचा एक आहे.

डी_मायनर:
असं ओळखीपाळखीने घेऊन काही होत नाही. सरळ ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलची ग्रेड ८ ची संगीत परीक्षा झालेला शोधा. थिअरी पक्की असते, कुठल्याही पट्टीत वाजवतो.

कोपऱ्यातला_कट्टा:
ग्रेड ८ वाले समोर कागद असेल तर उत्तम, पण अभंगात बुवांनी ऐनवेळी एक ओळ चारदा घेतली की गोंधळतात. मी पाहिलंय.

डी_मायनर:
तुम्ही एक पाहिलात म्हणून सगळे तसे? मी स्वतः ग्रेडवाला आहे आणि कीर्तनाला साथ केलीये.

ठाणेकर_काका:
गिटारवर आपलं संगीत वाजतच नाही असं माझं म्हणणं नाही बरं का. ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून राग वाजवायचे. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका, शिवकुमार आणि हरिप्रसाद यांच्याबरोबर तेच आहेत. काय मींड घेतात! आणि गझल गाणारे भूपिंदर सिंग, ते आरडीकडे गिटारही वाजवायचे हे आजच्या मुलांना माहीतच नाही.

चिमुरडीची_आई:
धाग्यात घुसते त्याबद्दल सॉरी, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते, मुलगी ९ वर्षांची आहे, गिटार शिकायचीये, कुठली घेऊ?

डी_मायनर:
नायलॉन तारांची, थ्री-फोर्थ साइझ. स्टीलच्या तारांनी बोटं दुखतात आणि पोरं महिन्यात सोडतात.

खर्ज:
मूळ विषयावर येऊ या का? @मंद्रसप्तक, गायिकेची पट्टी कुठली? आणि बाकी वाद्यं काय आहेत?

मंद्रसप्तक:
मीच गाते, काळी चार. तबला, बेस आणि कीबोर्ड. पट्टीचा काय संबंध?

खर्ज:
आहे ना. काळी चार म्हणजे जी शार्प, तिथे मोकळ्या तारांच्या कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) मिळत नाहीत, नवखा माणूस सगळा वेळ बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून, धरून दमतो आणि आवाज बसका येतो. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी च्या शेपने वाजवायला सांगा, एकदम मोकळं वाजेल. दुसरं, कीबोर्डवाला डाव्या हाताने काय करतो?

मंद्रसप्तक:
कॉर्ड भरतो की, दोन्ही हातांनी. पॅड (लांब धरलेला भरीव आवाज) लावून. खूप छान भरतो तो.

खर्ज:
मग सापडलं. खाली बेस, मधली सगळी जागा कीबोर्डच्या पॅडने भरलेली, गिटारने जायचं कुठे? एकतर वर सोलो मारायचा नाहीतर गप्प बसायचं. तुमच्याकडे जे आले त्यांनी हेच केलं. कोणीही आणलात तरी हेच होणार.

मंद्रसप्तक:
असं कसं, कीबोर्डवाला पहिल्यापासून आहे, त्याच्याच घरी प्रॅक्टिस सुरू झाली. त्याला कमी वाजव कसं सांगू?

कोपऱ्यातला_कट्टा:
सगळीकडे नको सांगू. दोन गाणी निवडा जिथे तो फक्त उजव्या हाताने सुरावट वाजवेल, आणि त्याच गाण्यांवर गिटारिस्टला ऐका.

खर्ज:
बरोबर. आणि ऐकताना भैरवीतला एखादा अभंग द्या. सा वर मायनर कॉर्ड, कोमल रे वर मेजर कॉर्ड एवढं त्याला कानाने सापडलं पाहिजे. मग म्हणा, आता कॉर्ड सोड आणि नुसता सा-प धरून ठेव, मी आलाप घेते. आलाप चालू असताना ज्याचा हात शांत राहतो तो तुमचा माणूस, मग ग्रेड असो नसो. गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि कॉर्ड आधी पाठवा मात्र, प्रॅक्टिसला बोलावून आयत्या वेळी ऐकवू नका.

डी_मायनर:
सा-प च्या मुद्द्याशी सहमत. त्यात गंधार नसतो, तो गायकाकडे राहू द्यावा.

मंद्रसप्तक:
ठीक आहे, उद्या प्रॅक्टिस आहे, कीबोर्डवाल्याशी बोलून बघते. @कोपऱ्यातला_कट्टा तो फिरोदियावाला मुलगा रविवारी सकाळी मोकळा असेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा प्लीज. आणि त्याच्याकडे कॅपो आहे का तेही विचारा, नसेल तर मी घेऊन ठेवते.