जोडीदार आजारी असताना तुमच्या घरात काय काय ठरलं, आणि कोणी ठरवलं?

नवऱ्याच्या किडन्या निकामी होऊन यंदा सहा वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे मशीनचा खर्च सुटला, बाकीचं आम्ही ओढतो. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, वजन वाढतं, म्हणून पाणी दिवसाला एक लिटर, चहा-आमटी त्यातच धरून. बाटलीवर मार्करने रेघा मी मारायचे.

मागच्या मे महिन्यात रात्री दोन वाजता जाग आली. बघते तर हा अंधारात फ्रिजसमोर बसून बर्फाचे खडे चोखतोय. मी ओरडले. तो म्हणाला, "तू बायको आहेस की वॉर्डन?" मी म्हणाले, "छातीत पाणी झालं की ॲम्ब्युलन्ससाठी धावायचं कोणी?" दोघंही खरंच बोलत होतो. शरीर त्याचं, तहान त्याची. पण ती रात्र माझीही होती.

लोक मला सावित्री म्हणतात. ते ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण सावित्रीला दमायची मुभा नसते. तुमच्या घरात ही वाटणी कशी झाली ते लिहाल का? ज्यांना निभावता आलं नाही त्यांनीही लिहा. इथे कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत.

लातूरहून

२०१९ ला मंडळींना स्तनाचा कॅन्सर निघाला. परळला टाटामध्ये उपचार, मुक्काम दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. दर २१ दिवसांनी किमो. तिथे माझ्यासारखे बरेच नवरे होते. बायकोच्या औषधांची पिशवी छातीशी धरून झोपायचे.

गावी आल्यावर मी तिला कशाला हात लावू देईना. स्वयंपाक मी, धुणं मी, भिशीचा हिशेबही मीच लिहायला लागलो. एकदा ती मेथी निवडत बसली होती, तर जुडी मी हातातून काढून घेतली. ती म्हणाली, "अहो, मला आजार झालाय, मी मेले नाही." तरी मला कळलं नाही. कळलं ते पुढे, अर्धा एकर रान विकल्याचं तिला शेजारणीकडून समजलं तेव्हा. दोन दिवस जेवली नाही. "माझ्या जिवासाठी विकलंत, आणि मलाच विचारलं नाहीत?" मला वाटत होतं, तिच्या डोक्याला ताप नको. पण सगळं मीच करायचं, मीच ठरवायचं आणि तिने फक्त उपकार घ्यायचे, असं झालं होतं ते. भिशीची वही त्याच दिवशी परत दिली. रान काही परत आलं नाही.

नाशिकहून

मी स्वतः पेशंट. २७ व्या वर्षी ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. "आईकडे जरा आराम मिळेल" म्हणून दोन बॅगा देऊन पाठवलं. तिसऱ्या महिन्यात माझं कपाट टेम्पोतून आलं. उघडलं तर आत साड्या नीट घड्या घालून ठेवलेल्या. त्या घड्या नवऱ्याच्या हातच्या होत्या, मी ओळखते. त्याचा पाय मोडला होता तेव्हा तीन महिने बेडपॅन मी दिलं होतं.

पोटगीचा अर्ज केलाय. इथे एवढंच लिहवतं.

कोल्हापूरहून

आमच्याकडे नवऱ्याला किडनी मीच देणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको सगळेच जवळचे नातेवाईक धरलेत. पण बैठकीत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. धाकट्या दिरांचं लग्न व्हायचं होतं, म्हणून त्यांचं नावही कोणी काढलं नाही. मी ३४ वर्षांची, दोन लहान मुलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीला बसवून विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे का?" तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी नाही म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी घरच्यांना इतकंच सांगितलं की यांची किडनी घेता येणार नाही.

शेवटी सासूबाईंनी दिली. दोघंही ठीक आहेत. पण दोन वर्षं मी त्या घरात चोरासारखी वावरले. मग एका रात्री नवऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. म्हणाला, "मला तुला विचारायचा धीर झाला नव्हता. नाही म्हणशील म्हणूनही, आणि हो म्हणशील म्हणूनही."

मी चुकले का? अजून ठरवता येत नाही.

मडगावहून

गुदाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची कायमची पिशवी. पिशवी बदलायला नर्सकडून बायको माझ्याआधी शिकली. तरी मी आठ महिने हॉलमधल्या दिवाणावर झोपलो. कारण सांगायचो की खोलीत उकडतं. तिला माझी किळस येत असणार असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तिचं मोठेपण म्हणून गप्प आहे, एवढीच तिची किंमत केली मी.

एका रात्री ती उशी घेऊन हॉलमध्ये आली. काही न बोलता शेजारी आडवी झाली. दिवाणावर दोघं मावेनात, म्हणून मग खोलीत गेलो.

पुन्हा मी, धागा काढणारी

नाशिकच्या ताई, तुमचं कपाट डोळ्यांपुढून हलत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ५१५ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता. आजारी बायको असेल तर सुमारे २१ टक्के जोडपी वेगळी झाली होती, आजारी नवरा असेल तर जेमतेम ३ टक्के. म्हणजे हे फक्त आपल्याकडच्या सासरचं नाही. कोल्हापूरच्या ताई, तुम्ही चुकला नाहीत, असं मला अगदी मनापासून वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही खरं उत्तर दिलंत. त्यात चोरी कसली?

हे सगळं मी डायलिसिसच्या वेळी नवऱ्याला वाचून दाखवलं. बाटली आता त्याच्याकडे आहे. रेघा तो मारतो, काट्यावर वजनही तोच बघतो. रविवारी दुपारी मी बहिणीकडे जाऊन झोपते, फोन बंद करून. हे त्यानेच सुचवलं.

काल मंगळवारी मशीनला लावायच्या आधी वजन तीन किलोने वाढलेलं निघालं. त्याने आपणहून सांगितलं. ओठांवर आलेलं सगळं गिळून मी त्याला विचारलं, "डब्यातली पोळी आता खातोस की नंतर?"