मोतीबिंदूच्या आधी स्वॅब: रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणून ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

नेत्रतंत्रज्ञ_सातारा:
आमच्याकडे साठीपुढच्या प्रत्येक पेशंटचा ऑपरेशनआधी कंजंक्टायव्हल स्वॅब (पापणीच्या आतल्या पडद्यावरून काडीने घेतलेला नमुना) लॅबला जातो. रिपोर्ट बहुतेक वेळा 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस'. डोळा स्वच्छ, चिपडं नाहीत, पाणी गळत नाही. तरी आठवडाभर थेंब, परत स्वॅब, आणि आजोबांची एसटीची आणखी एक फेरी. हे खरंच लागतं का? शिवाय भूल देणारी लिग्नोकेन जेल आधी घालायची की बीटाडीन (पोव्हिडोन आयोडीन), यावर इथे दोन सर्जनांची दोन मतं आहेत. आणि बीटाडीनची ५% ची तयार बाटली संपली तर १०% पासून कसं करायचं?

पेट्रीडिश:
सरसकट स्वॅब बंद करा. स्टॅफ एपिडर्मिडिस (तुमच्या रिपोर्टमधल्या गटातलाच) आणि कोरायनेबॅक्टेरियम हे पापणीच्या कडेचे कायमचे भाडेकरू. वय वाढलं की अश्रू कमी होतात, पापणी सैल पडते, पापणीतल्या तेलाच्या मायबोमियन ग्रंथी तुंबतात, म्हणून म्हाताऱ्या डोळ्यात ते जास्त सापडतात. त्याला इन्फेक्शन म्हणत नाहीत. ऑपरेशननंतरच्या एंडॉफ्थॅल्मायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या इन्फेक्शनमध्ये) बहुतेक वेळा पेशंटचेच जंतू निघतात, हे खरं. पण आज स्वॅबमध्ये कोण आलं यावरून पुढच्या आठवड्यात कोणाला त्रास होईल ते कळत नाही. थेंब थांबले की तेच जंतू परत येतात, आणि वारंवार फ्लोरोक्विनोलोन अँटिबायोटिक दिलं तर त्याला न जुमानणारे तेवढे उरतात. उलट 'नो ग्रोथ'वरही विसंबू नका: क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूला प्राणवायूविरहित वातावरण आणि १०–१४ दिवस लागतात, ४८ तासांच्या प्लेटवर तो दिसणारच नाही.

स्वॅब कधी घ्यावा? पू किंवा चिकट स्राव असेल, दुसऱ्या बाजूला कृत्रिम डोळा असेल (त्या खोबणीत जंतू भरपूर असतात), किंवा आधी एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफ) निघालेला असेल. तो घेताना भूल देणारा थेंब आधी घालू नका, त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह जंतू मारतं. सलाईनमध्ये भिजवलेली काडी खालच्या पापणीच्या आतून फिरवा. कडेला किंवा पापणीच्या केसांना टेकली तर रिपोर्ट त्वचेचा येतो.

फेको_अण्णा:
स्वॅबपेक्षा बोट वापरा. नाकाच्या बाजूला अश्रुपिशवीवर दाबा. पंक्टममधून (पापणीच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या छिद्रातून) पू किंवा शेंबडासारखा स्राव उलटला तर तारीख रद्द. आधी डीसीआर (अश्रुपिशवीला नाकात वाट करणं) किंवा डीसीटी (पिशवी काढणं), मग मोतीबिंदू. तिथे न्यूमोकोकससारखे जंतू असतात, आणि ते स्टॅफ एपिडर्मिडिसपेक्षा कितीतरी वाईट.

आता क्रम. भूल देणारा प्रोपॅराकेनचा थेंब, मग ५% पोव्हिडोन आयोडीन थेट कंजंक्टायव्हल सॅकमध्ये (पापणी आणि डोळ्यामधल्या खोबणीत), पूर्ण ३ मिनिटं घड्याळ लावून. जेल घालायचीच तर त्यानंतर. आधी घातलीत तर तिचा थर जंतूंवर बसतो आणि आयोडीन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बाहेर पापण्या, भुवई, गाल १०% ने. ऑपरेशन सुरू करण्याआधी सॅक बीएसएसने (डोळा धुवायच्या निर्जंतुक क्षारद्रावाने) नीट धुवा, आयोडीन आत गेलं तर एंडोथेलियमला (कॉर्नियाच्या आतल्या थराला) बाधतं. पापणीचे केस कापून फायदा झाल्याचा पुरावा नाही. चिकट ड्रेपखाली (ऑपरेशनच्या निर्जंतुक आच्छादनाखाली) पूर्ण दाबले गेले की झालं.

१०% पासून ५%: जेवढं सोल्यूशन तेवढंच निर्जंतुक बीएसएस, निर्जंतुक वाटीत, त्याच दिवसापुरतं. बाटलीवर 'सोल्यूशन' लिहिलंय ना, हे दोघांनी वाचा. ७.५% 'स्क्रब'मध्ये डिटर्जंट असतं, ते कॉर्नियाचं वाटोळं करतं. गुळण्यांची बाटलीही तशीच दिसते, ती ट्रॉलीवर नकोच.

शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ०.१ मिली इंट्राकॅमेरल मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक (०.५ मिग्रॅ), प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. अरविंद रुग्णालयांनी ६ लाखांहून जास्त डोळ्यांची आकडेवारी २०१७ मध्ये मांडली: एंडॉफ्थॅल्मायटिस ०.०७% वरून ०.०२% वर आलं.

ओटी_सिस्टर:
'आयोडीनची ॲलर्जी आहे' म्हणणाऱ्याला नेमकं काय झालं होतं ते विचारा. कोकणातली निम्मी मंडळी कोळंबीने अंगावर पित्त उठतं म्हणून तसं सांगतात. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनांची, आयोडीनची नाही, बीटाडीन चालतं. खरोखर पोव्हिडोनने कातडी सोलली असेल तर क्लोरहेक्सिडीन ०.०५%, पाण्यातलं. स्पिरिटमधलं किंवा हात धुवायचं ४% डोळ्याजवळसुद्धा आणू नका.

आणि एकाच दिवशीच्या दोन-तीन पेशंटना एंडॉफ्थॅल्मायटिस झालं तर पापण्यांना दोष देत बसू नका. थिएटर बंद करा, बीएसएसचा बॅच, ऑटोक्लेव्हची नोंद, फेकोच्या (मोतीबिंदू फोडून ओढायच्या मशीनच्या) नळ्या तपासायला पाठवा. अशा वेळी स्यूडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा जंतू निघण्याची शक्यता मोठी.

नेत्रतंत्रज्ञ_सातारा:
जेलचा मुद्दा मीटिंगमध्ये ठेवतो. पापणीच्या कडेला खपल्या असतील तर ऑपरेशनला किती थांबायचं?

फेको_अण्णा:
दोन-तीन आठवडे. रोज दोनदा ५–१० मिनिटं गरम शेक, लगेच वरची पापणी खाली आणि खालची वर अशी बोटाने दाबत ग्रंथी रिकाम्या करायच्या, मग पापणीची कड ओल्या कापसाने पुसायची. रात्री कडेला अझिथ्रोमायसिन मलम. खपल्या गेल्या आणि कडेची लाली उतरली की तारीख द्या, परत स्वॅब नको. ऑपरेशननंतर घरी जाताना पेशंटच्या चिठ्ठीवर ठळक लिहा: सुधारलेली नजर पहिल्या आठवड्यात पुन्हा धूसर झाली किंवा डोळा दुखायला लागला तर त्याच दिवशी यायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.