माया सोडणे, बेतणे, उसवणे आणि चोरखिसा : शिवणातले शब्द

परदेशात जायला आता तीन आठवडे राहिलेत आणि घरात मशीन उघडून बसलेय. पासपोर्टसाठी गळ्यात अडकवायची पिशवी शिवायची आहे, दोन पँटींना आतून चोरखिसे लावायचेत, लेकीची नवी पँट पायाला वर घ्यायची आहे आणि बॅगेत कपडे वेगवेगळे राहावेत म्हणून नाडीच्या चार पिशव्या. हात कापडात अडकलेले म्हणून लेकीला म्हटलं वहीतलं जरा मोठ्याने वाच, तर तिने वाचलं "दोन्ही कडांना १ सेंमी माया सोडणे" आणि थांबलीच. म्हणे आई, माया सोडायची म्हणजे? आपण तर माया लावतो ना, सोडायची कशी?

मला तो शब्द इतका सवयीचा की त्यात काही विचारण्यासारखं आहे हेच कधी जाणवलं नव्हतं. तेव्हापासून शिवता शिवता एकेक शब्द डोक्यात फिरतोय, म्हणून इथे लिहितेय, तुम्हीही भर घाला.

तर माया. शिवणीच्या रेषेच्या बाहेर जे जादा कापड ठेवतो ती माया. माया सोडणे, माया ठेवणे, माया धरणे, तिन्ही म्हणतात. अंगातला कपडा असेल तर माया जरा जास्त ठेवायची, म्हणजे पुढे माणूस जाड झालं की शिवण उसवून सैल करता येतं. रेडिमेड कपड्यात बहुतेक वेळा माया नसतेच, आत उलटून बघा, अगदी टिपेला, म्हणजे मशीनच्या शिवणीला, लागून कापड संपलेलं असतं, म्हणून तो घट्ट झाला की झाला, उपाय नाही. हल्ली सगळे "मार्जिन" म्हणतात आणि मी स्वतःही बोलताना म्हणून जाते, पण मार्जिन ही नुसती सोडलेली जागा वाटते, मायेत पुढची सोय आहे. "त्याने बरीच माया जमवली" असं आपण पैशाबद्दल म्हणतो ना, ती गाठीला ठेवलेली माया आणि ही कापडातली माया मला एकमेकींच्या जवळच्या वाटतात, प्रेमाच्या मायेपेक्षा जास्त. दोन्हीकडे आज न वापरता आत दडवून ठेवलेलं काहीतरी आहे. हे माझं मत, व्युत्पत्ती म्हणून सांगत नाहीये.

दुसरा शब्द बेत. "उन्हाळ्यात काय बेत?" म्हणजे काय ठरवलंय. पण कापड बेतणे म्हणजे मापाप्रमाणे आखून कापणे, आणि हे क्रियापद आता फक्त शिवणाऱ्यांच्याच तोंडी राहिलंय असं वाटत असेल तर सिनेमाबद्दलचं काहीही वाचा, "सत्य घटनेवर बेतलेला" हे दर दोन ओळींनी येतं. हिंदीत ब्योंत शब्दाला पण हेच दोन्ही अर्थ आहेत, कापडाची काटछाट आणि योजना. म्हणजे ठरवणे ही गोष्ट आपण कापड समोर पसरून, जेवढं आहे तेवढ्यात काय बसेल हे बघण्यासारखी मानलेली दिसते. "बेताची परिस्थिती", "बेताने खर्च कर", यात पण तेच आहे, जेवढं कापड तेवढाच कपडा. "जिवावर बेतलं" मात्र मला नीट जुळवता येत नव्हतं, मग वाटलं की ते "अंगावर बेतणे" सारखं असावं, संकट नेमकं आपल्याच मापाने आपल्यावर येऊन बसलं.

पासपोर्टच्या पिशवीचं बेतणं सांगते म्हणजे माया कुठे लागते ते पण कळेल. पासपोर्टची पुस्तिका कुठल्याही देशाची असो, माप एकच असतं, १२५ × ८८ मिलिमीटर, आंतरराष्ट्रीय मानकच आहे ते. मी तयार पिशवी ११ सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच धरली, म्हणजे पुस्तिका सैलसर जाते आणि घडी केलेला कागद पण मावतो. खालून शिवण नको, कापड तिथे दुमडायचं, मग शिवणी फक्त दोन बाजूंना. रुंदी ११ अधिक दोन्हीकडे १-१ सेंमी माया, झाली १३. लांबी १५ दुणे ३०, वर तोंडाशी दोन्ही टोकांना अडीच अडीच सेंमी दुमड, झाली ३५. म्हणजे १३ × ३५ चा एकच तुकडा. बघा, दुमड आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुमड कपड्याच्या काठावर आत मुडपून टिपेने बसवतो, माया दोन तुकडे जोडताना शिवणीच्या आत जाते. वहिनी दोन्हीला "दाब" म्हणते. तुमच्याकडे काय म्हणतात?

पिशवीच्या बंदावरून अजून एक शब्द, उरेब. मूळ फारसी, अर्थ तिरपा. कापडात उभा धागा आणि आडवा धागा असतो, त्यांना ४५ अंशात तिरपं कापलं की ती उरेब पट्टी. गळ्याच्या गोलाईला, बाहीच्या कडेला तीच लावतात कारण ती ताणली जाते आणि वळणावर न चुरगळता बसते. मी पहिल्या पिशवीचा बंद कापड वाचावं म्हणून कोपऱ्यातल्या तुकड्यातून उरेब कापला. मागच्या रविवारी दिवसभर भटकायला गेलो तेव्हा मुद्दाम ती पिशवी घालून बघितली, आत पासपोर्टच्या ऐवजी त्याच मापाची वही आणि पाण्याची छोटी बाटली, वजन असावं म्हणून. निघताना पिशवी छातीवर होती, संध्याकाळी परतेपर्यंत पोटाच्या खाली लोंबत होती. बंद तुटला नव्हता, उसवला नव्हता, नुसता लांबला होता, कारण तिरप्या कापडात ओढ घ्यायला ना उभा धागा असतो ना आडवा, वीणच सरकते. आता नवा बंद कापडाच्या काठाला समांतर, उभ्या धाग्यावर कापलाय, त्या दिशेला कापड सगळ्यात कमी ताणतं. प्रवासाच्या आधी एक दिवस बाहेर वापरून बघितलं हे फार बरं झालं, नाहीतर विमानतळावर कळलं असतं.

त्याच दिवशी लेकीच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा एका बाजूने सुटला आणि तिने मला हाक मारून सांगितलं, आई सॅक फाटली. मी घाबरले, उघडून बघितलं तर फक्त शिवण उसवली होती. हा फरक मुलांना शिकवायलाच हवा असं मला मनापासून वाटतं कारण त्यावरच पुढे काय करायचं ते ठरतं. उसवलं म्हणजे दोरा गेला, कापड शाबूत आहे, परत त्याच रेषेवर शिवा, झालं. फाटलं म्हणजे कापडच गेलं, तिथे ठिगळ लागणार नाहीतर रफू. विरलं म्हणजे घासून घासून कापड जाळीसारखं पातळ झालं, तिथे टाका घातला तरी टाकाच कापडाला कापून बाहेर येतो, आधी मागून दुसरं कापड लावावं लागतं. तुटलं म्हणजे बंद, नाडी, पट्टा, दोरा असं काही लांब असेल तर. आणि उसवणे दोन्हीकडून चालतं, शिवण आपोआप उसवते आणि आपण मुद्दाम उसवतो पण, चुकलेली टीप काढायला. एवढे सगळे शब्द असताना सगळ्याला "फाटलं" म्हणायचं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन फक्त "दुखतंय" म्हणण्यासारखं आहे.

दशा निघणे हा पण त्यातलाच. कापडाच्या कापलेल्या कडेचे जे धागे सुटे होऊन लोंबतात त्या दशा. संस्कृतात दशा म्हणजे वस्त्राची दशी, कडेचे सुटे धागे, हा अर्थ आहेच, अवस्था या अर्थाच्या सोबतीने. म्हणून मायेच्या कडा तशाच सोडायच्या नाहीत, मशीनने कडेवर झिगझॅग (नागमोडी टीप) नाहीतर इंटरलॉक (कडा गुंफणारी शिलाई) करून घ्यायचं, नाहीतर दशा निघत निघत टिपेपर्यंत पोचतात आणि शिवण सुटते. घरी झिगझॅगचं मशीन नसेल तर कडा दुमडून हातानेच टाके घालायचे, वेळ लागतो पण टिकतं.

टाका आणि टीप यातही घोळ होतो. टाका सुईचा, एकेक, हाताचा. टीप मशीनची, सलग ओळ. "दोन टाके घाल" आणि "एक टीप मार". जखमेला पण टाकेच घालतात, टीप नाही. हाताच्या टाक्यात धावदोरा सगळ्यात सोपा, वरखाली वरखाली जातो, पण एका जागी तुटला की सगळा ओढला जातो, म्हणून तो तात्पुरत्या कामाला. बखया म्हणजे सुई प्रत्येक वेळी थोडी मागे येऊन पुढे जाते, तो मशीनच्या टिपेच्या जवळपास मजबूत. प्रवासात काही उसवलं तर बखयाच घाला. मशीनवर सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलट घ्यायचे, त्याला आमच्याकडे "टीप लॉक करणे" म्हणतात, सॅकचा पट्टा उसवला तो बघितला तर तिथे नेमकं हेच केलेलं नव्हतं. आता मी पट्ट्याच्या टोकाला चौकोन शिवून त्यात फुली मारलीये, ओढ चारही बाजूंना विभागली जाते.

आणि शिवायच्या आधी कापड टाचून घेतो, म्हणजे टाचणीने किंवा कच्च्या धावदोऱ्याने जागेवर धरून ठेवतो. आता गंमत बघा, टाचण म्हणजे लिहून ठेवलेले मुद्दे पण. आणि टीप म्हणजे पुस्तकाच्या तळाशी असते ती पण. विचार पळून जाऊ नये म्हणून कच्चे धरून ठेवले ते टाचण, असं डोळ्यासमोर आलं की तो शब्द परत कधी विसरत नाही. आमच्या लेकीला शाळेतलं टाचण आधी माहीत होतं आणि कापडातलं नंतर कळलं, माझं उलटं झालेलं.

आता चोरखिसा. लेकीचा दुसरा प्रश्न हाच होता, चोरखिसा म्हणजे चोरासाठी केलेला खिसा का? नाही. चोरवाट, चोरदरवाजा, चोरकप्पा, चोरपावलं, या सगळ्यात चोर म्हणजे लपलेला, सहज नजरेला न पडणारा. चोरापासून वाचवणारा म्हणून चोरखिसा असं बरेच जण सांगतात, पण चोरवाट काही चोरापासून वाचवत नाही, म्हणून मला लपलेला हाच अर्थ पटतो. खिसा अंगातल्या कपड्याला, कप्पा पिशवीला, बॅगेला, कपाटाला. पँटच्या कमरेला आतून लावायचा तो चोरखिसा, बॅगेच्या अस्तरामागे असतो तो चोरकप्पा. चोरखिसा बाहेरून दिसू नये असं हवं असेल तर तो पँटच्या कापडाला न शिवता फक्त कमरपट्टीच्या मायेला शिवायचा, म्हणजे बाहेर टीप उमटत नाही. माया इथेही कामी आली. तोंडाला चेन नको, टोचते, एक बटण पुरे.

बटणावरून काज. बटणाचं भोक ते काज, आणि हा शब्द पोर्तुगीज कासा पासून आलाय, त्या भाषेत कासा म्हणजे घर आणि बटणाचं भोक पण. बटणाचं घर, किती नेमकं आहे. पूर्वी बटणाला गुंडी म्हणत, काज-गुंडी हा जोडशब्द अजून ऐकू येतो. अस्तर आणि रफू फारसीतून, खिसा अरबी-फारसीतून. शिवणाच्या पेटीत कुठकुठून शब्द येऊन राहिलेत आणि सगळे इतके मुरलेत की परके वाटत नाहीत.

प्रवासाचं कळल्यावर एकांनी मला विचारलं की विमानात सुई-दोरा हातातल्या बॅगेत नेता येतो का. अमेरिकेच्या नियमात शिवायच्या सुया चालतात आणि कात्रीचं पातं जोडाच्या खिळ्यापासून ४ इंचांपेक्षा लहान असेल तर चालतं. युरोपीय संघात ती मर्यादा ६ सेंटिमीटर. पण मधे दुसऱ्या कुठल्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथली तपासणी पण होऊ शकते, म्हणून मी कात्री मोठ्या बॅगेत टाकणार आणि हाताशी फक्त सुया, दोरा गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, दोन बटणं आणि सेफ्टीपिना. दोरा तोडायला दात आहेतच, असं आई म्हणायची, पण दाताने तोडलं की टोक पिंजतं आणि सुईत ओवलं जात नाही, म्हणून नखं कापायचं घ्या, त्याने साफ तुटतं.

आणखी एकांनी आखूड आणि तोकडा यातला फरक विचारला. मी आखूड फक्त लांबीला वापरते, पँट आखूड, बाही आखूड. तोकडा म्हणजे जेवढं झाकायला हवं तेवढं झाकत नाही, त्यात नाराजी येते. आणि लहान म्हणजे सगळीकडूनच. म्हणून "पँट लहान होतेय" म्हटलं की मी आधी विचारते, कमरेत की लांबीला, कारण लांबीला असेल तर खालची दुमड उसवून बोटभर सोडता येते, कमरेत असेल तर माया आहे का बघावं लागतं. ढगळ आणि सैल पण असेच, सैल चांगलं असू शकतं, विमानात दहा-बारा तास बसायला सैलच हवं, ढगळ म्हणजे मापच चुकलंय.

नाडीच्या पिशव्या राहिल्यात, त्यांना तोंडाशी नेफा करायचाय, म्हणजे नाडी ओवायची पोकळ दुमड. उरलेल्या कातरणातून होतील असं वाटतंय. कातरण म्हणजे बेतल्यावर उरलेले तुकडे, त्यांना चिंध्या म्हणू नका, चिंधी जुन्या फाटक्या कापडाची असते, कातरण कोरं असतं. लेक आता समोर बसून त्यातले तुकडे मापाने लावतेय आणि प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून बाहेरच्या बाजूला "माया" लिहितेय.