मदत हवी आहे: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तांब्याच्या जोडाशीच का गंजतो?

गिझरमधून निघणारा तांब्याचा पाइप दीड वर्षापूर्वी पुढच्या जुन्या जीआय पाइपाला थेट आट्यांनी जोडून घेतला. आता जोडापासून चार-पाच इंच जीआय पाइप पोखरलाय, पाणी झिरपतंय. पुढचा भाग बाहेरून ठणठणीत. तांब्याला काहीच नाही.

शाळेतलं आठवून पाहिलं. प्रमाण विभव (एकमेकांना जोडलेल्या धातूंत ज्याचा आकडा खाली तो आधी झिजतो): तांबं +०.३४, लोखंड −०.४४, जस्त −०.७६ व्होल्ट. म्हणजे आधी जस्त झिजणार, मग लोखंड. जस्ताच्या बादलीला ओरखडा पडला तरी लोखंड गंजत नाही, ते याचमुळे. कथील लावलेल्या डब्याला ओरखडा पडला की मात्र लोखंडच आधी जातं. हे सगळं पटतं. मग माझ्या पाइपावर जस्त असूनही लोखंड का गेलं? प्लंबर म्हणतो, टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळू. त्याने भागेल का? की पितळी कपलिंग घालू? खूप काळजी वाटतेय, कृपया सांगा.

उत्तर:
जस्त होतं, पण संपलं. मुलामा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. बादलीत त्याला फक्त ओरखडा सांभाळायचा असतो. तुमच्याकडे शेजारी तांब्याचा अख्खा पाइप आहे. पाण्यातला ऑक्सिजन त्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेत राहतो आणि ते पुरवायला जोडाजवळचं जस्त झिजतं, मग लोखंड.

टेपने भागणार नाही. आटे आवळताना तो कापला जातो आणि धातूला धातू लागतोच. पितळ विभवाने तांब्याच्याच जवळचं, त्यामुळे झीज थोडी मंदावेल, थांबणार नाही. मध्ये प्लास्टिकची बाही आणि रबरी वॉशर असलेलं, गरम पाणी सोसणारं डायइलेक्ट्रिक युनियन (दोन धातूंमधला विजेचा संपर्क तोडणारा जोड) घाला. पाइप अर्थिंगशी जोडलेला असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, कारण युनियनमुळे तो मार्ग तुटेल.

पण मला जास्त खटकतंय ते तुमचं पहिलं वाक्य. पाणी आधी तांब्यातून, मग जीआयमधून जातंय. पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं पुढे जस्तावर बसतं आणि तिथे बॅटरीसारखे छोटे छोटे सेल तयार होऊन पाइप आतून झिजतो. हे युनियनने थांबत नाही. जीआय नेहमी तांब्याच्या आधी हवा. पुढचा पाइप आतून कसा आहे ते बघितल्याशिवाय नवा तुकडा जोडू नका.

धागाकर्ता:
आज एक तुकडा कापून पाहिला. बाहेरून चकचकीत, आत जागोजागी खड्डे. नळापर्यंतचा सगळा जीआय काढतोय. त्या जागी गरम पाण्याचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप घातला तर चालेल ना?