लहान शहरांमधील पर्यावरण-स्पर्धेचे गुणांकन कसे ठरवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार,

लहान शहरांनी पर्यावरणाच्या कामात एकमेकांशी चढाओढ करावी, आणि ती नगरपालिकेच्या कार्यालयापुरती न राहता गल्लीबोळांतील रहिवाशांनी अंगावर घ्यावी, अशी एक स्पर्धा आखण्याचे काम आमच्या छोट्या गटाकडे आले आहे. कचऱ्याचे घरच्या घरी वर्गीकरण, झाडे जगवणे, वीजबचत आणि ओढे-तळ्यांची स्वच्छता हे चार विषय ठरले आहेत. घोडे अडले आहे ते गुणांकनापाशी.

स्पर्धेमुळे माणसे कामाला लागतात याविषयी गटात दुमत नाही. आयर्लंडमध्ये १९५८ साली सुरू झालेली, गावे व शहरे नीटनेटकी ठेवण्याची ‘टायडी टाउन्स’ स्पर्धा आजही चालू आहे, आणि महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात झालेल्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेमध्ये ४५ दिवसांच्या मुदतीत गावेच्या गावे श्रमदानाला उतरलेली आपण पाहिली आहेत. उत्साह मिळेल, पण तो नेमका कशाने मोजायचा?

आजची स्थिती पाहून गुण द्यावेत, तर ज्या शहराकडे पैसा आणि यंत्रसामग्री आहे ते पहिल्याच दिवशी पुढे असते. झालेली सुधारणा पाहून द्यावेत, तर ज्यांनी वर्षानुवर्षे आधीच चांगले काम केले त्यांना सुधारायला जागाच उरत नाही आणि आजवर हात बांधून बसलेल्यांचे फावते. त्याहून अवघड म्हणजे, स्वच्छ झालेला ओढा लोकांनी साफ केला की कंत्राटदाराने, हे ओढ्याकडे पाहून कळत नाही. (परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी रंगवलेल्या भिंतींविषयी वेगळे सांगायला नको.) या दोन्ही बाबतींत कोणी प्रत्यक्ष काम केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

सुधारणेचाच मार्ग धरावा, मात्र तिची सुरुवात कोठून मोजायची हे स्पर्धा जाहीर होण्याआधी गोठवून टाकावे. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाने घेतलेल्या ऊर्जाबचतीच्या स्पर्धेत ५० शहरे आणि परगणे उतरले होते. २०१५ आणि २०१६ अशी दोन वर्षे तेथील घरे आणि सार्वजनिक इमारतींमधील वीज व गॅसचा वापर तपासला गेला आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वापराशी झाली. आकडे पुरवठादारांच्या नोंदींतून आल्यामुळे दिखाव्याला फारसा वाव राहिला नाही. तुमच्या चार विषयांपैकी विजेसाठी हे जसेच्या तसे घेता येईल. झाडांसाठी मात्र लावलेल्या रोपांचा आकडा गुणपत्रिकेतून काढूनच टाका आणि दोन वर्षांनी जिवंत असलेली झाडे मोजा, कारण रोपे लावण्याच्या आकड्यावर गुण ठेवले की खड्डे वाढतात, सावली वाढत नाही.

आधीपासून चांगल्या असलेल्या शहरांसाठी स्पर्धेबाहेरचा वेगळा गट करावा. भारतातील स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर सातत्याने पहिले येत राहिले, तेव्हा २०२४-२५ च्या फेरीत अशा अग्रेसर शहरांसाठी निराळी ‘सुपर स्वच्छ लीग’ करण्यात आली. इतरांना पहिल्या क्रमांकाची आशा उरली नाही तर ती शहरे अर्ज भरतील, पण घाम गाळणार नाहीत.

प्रतिसाद २

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. क्रमांकाऐवजी निश्चित पातळी ठरवून ती गाठणाऱ्या प्रत्येकाला सन्मान द्यावा, असे माझे मत होते. परंतु निर्मल ग्राम पुरस्काराचा अनुभव त्याविषयी सावध करतो. तेथे हागणदारीमुक्त झालेल्या प्रत्येक पात्र ग्रामपंचायतीला पुरस्कार मिळत असे, आणि नंतरच्या पाहण्यांत त्यांपैकी अनेक गावे मूळपदावर आल्याचे आढळले. तेव्हा पातळी असो वा क्रमांक, बक्षिसाचा काही भाग एक वर्ष राखून ठेवावा आणि न कळवता केलेल्या फेरतपासणीनंतरच तो द्यावा.

लोकसहभागाविषयी सांगायचे तर, वॉटर कपमध्ये श्रमदानाला आणि यंत्राने केलेल्या कामाला वेगवेगळे गुण होते. तुम्हीही दोन स्वतंत्र रकाने ठेवा. श्रमदानाच्या रकान्यात केवळ हजेरीपट न पाहता चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत जाऊन चौकशी करावी: या घरातून कोण कामाला गेले होते, वर्गीकरण कोण करते, कचरा उचलणारे ते वेगळे नेतात की पुन्हा एकत्र करतात? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक शहरांचे पितळ उघडे पडते.

प्रतिसाद ३

मध्येच क्रमवारी जाहीर करण्याचा मोह आवरावा. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घराघरांना शेजाऱ्यांच्या सरासरी वीजवापराचा आकडा कळवण्याचा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. ज्यांना आकड्यासोबत शाबासकीचे हसरे चिन्ह दिले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. शहरांच्या बाबतीतही पुढे असलेले सैलावतात असे मला वाटते.

त्याऐवजी टायडी टाउन्सची एक रीत उचलावी. तेथे प्रत्येक सहभागी गावाला परीक्षकांचा लेखी अहवाल मिळतो, हरलेल्यालाही. काय चांगले झाले आणि पुढच्या वर्षी कोठे लक्ष द्यावे हे त्यात असते. माझ्या मते करंडकापेक्षा या कागदाचे मोल जास्त आहे, कारण पुढील वर्षाच्या बैठकीत तोच हातात घेऊन लोक बोलतात.

मूळ लेखक

सर्वांचे आभार. सुरुवातीची नोंद आधीच गोठवणे, श्रमदानाचा वेगळा रकाना, बक्षिसाचा राखीव भाग आणि लेखी अहवाल या चारही गोष्टी मसुद्यात घेत आहोत. आघाडीच्या शहरांना बाहेर काढण्याऐवजी त्यांना मागे असलेल्या एका शहराशी जोडावे आणि त्या शहराच्या सुधारणेतून त्यांचे गुण ठरवावेत, असा विचार चालू आहे. अजून उत्तर न मिळालेला प्रश्न घरांच्या चौकशीचा आहे: ती करणारे स्वयंसेवक त्याच शहराचे असतील तर पक्षपात होईल आणि प्रतिस्पर्धी शहरातून आणले तर भांडणे होतील. तिसऱ्याच शहरातील शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या जोड्या करून पाठवण्याचा पर्याय सुचतो आहे. अशी अदलाबदल कोणी प्रत्यक्ष राबवली असेल तर प्रवासाची सोय आणि प्रशिक्षण यांची आखणी कशी केली, ते कळवावे.