१एसचा इलेक्ट्रॉन नक्की कुठे: केंद्रकापाशी की ५२.९ पिकोमीटरवर?

प्रश्न (अकरावी_सायन्स):
हायड्रोजनच्या १एस कक्षकासाठी (सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था) साय-वर्गाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगफलनाच्या (ψ) वर्गाचा, आलेख केंद्रकापाशी सर्वांत उंच आहे. त्याच पानावरच्या दुसऱ्या आलेखात केंद्रकापाशी शून्य आणि शिखर ५२.९ला. खरं कोणतं?

कक्षक:
दोन्ही. उभ्या अक्षाचं नाव वाचा. पहिल्यात एका बिंदूपाशी संभाव्यतेची घनता आहे, दुसऱ्यात त्या अंतरावरच्या अख्ख्या पातळ कवचातली संभाव्यता, म्हणजे ४πr² गुणिले साय-वर्ग (r म्हणजे केंद्रकापासूनचं अंतर).

आकडे घालून बघा. ५.२९ पिकोमीटरवर घनता ५२.९पेक्षा साधारण ६ पट जास्त, पण कवचाचं क्षेत्रफळ १०० पट कमी. गुणाकारात लांबचं कवच १६ पटींनी जिंकतं. केंद्रकावर r शून्य, म्हणून गुणाकारही शून्य.

अकरावी_सायन्स:
मग ५२.९ म्हणजे बोरची कक्षाच ना?

चौथा_बाक:
आकडा तोच, अर्थ वेगळा. बोरच्या १९१३च्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन त्याच अंतरावर फिरतो. इथे ५२.९च्या आत सापडण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के, सरासरी अंतर ७९ पिकोमीटर. ९० टक्क्यांचा गोल काढायचा तर त्रिज्या सुमारे १४१ घ्यावी लागते. पेपरात 'इलेक्ट्रॉन ५२.९वर असतो' लिहू नका, 'सापडण्याची शक्यता तिथे सर्वाधिक' लिहा.

कक्षक:
आणि २एस काढताना मधला नोड, म्हणजे जिथे साय-वर्ग शून्य होतो ती जागा, विसरू नका. हायड्रोजनसाठी तो १०५.८ पिकोमीटरवर. अशा त्रिज्यीय, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या, नोडची संख्या n−l−१ (n आणि l हे क्वांटम अंक; एससाठी l शून्य, पीसाठी १). बरेच जण २पीलाही एक त्रिज्यीय नोड देतात. तिथे २−१−१, म्हणजे शून्य. २पीचा नोड प्रतलाचा असतो, अशा नोडची संख्या l इतकी असते.