नावातले आकडे, तारखांच्या जुळण्या: तुमची रीत सांगा

मंडळी, नावं, तारखा, सामने यांतल्या जुळण्या काढणाऱ्यांनी रीत लिहावी. गणित उघडं मांडा, म्हणजे दुसऱ्याला पडताळता येईल.

रत्नागिरीहून
नावाला कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देण्याची जुनी पद्धत लावा. क ते झ 1 ते 9, ञ 0. ट ते ध 1 ते 9, न 0. प ते म 1 ते 5. य ते ह 1 ते 8. आकडे उलटे वाचायचे. ‘जय’: ज 8, य 1, म्हणजे 18. महाभारताचं जुनं नाव जय, पर्वं 18! घोळ होतो जोडाक्षरात. ‘रत्नागिरी’तल्या ‘त्ना’चा फक्त न धरायचा: 2, 0, 3, 2, उलट वाचून 2302. त धरलात की आकडा पाच अंकी होतो. काना-मात्रा, अनुस्वार मोजत नाहीत, म्हणून वेंगुर्ला लिहा की वेंगुर्ले, 334च येतात. रोमन स्पेलिंगवरचं अंकशास्त्र नेमकं इथे घसरतं. एक अक्षर वाढलं की उत्तर बदललं.

मालवणहून
तिथी आणि तारीख 19 वर्षांनी पुन्हा भेटतात. 19 सौरवर्षांचे दिवस 6939.6, 235 चांद्रमासांचे 6939.7. गणेश चतुर्थी 2006 साली 27 ऑगस्टला होती, 2025 सालीही 27 ऑगस्टलाच. पण 2007ची 15 सप्टेंबरला, 2026ची 14ला. एखादा दिवस असा सरकतो. तेव्हा चाकरमान्यांनो, अंदाज जुन्या कालनिर्णयावरून बांधा, गाडीचं तिकीट मात्र नवं बघूनच काढा.

वेंगुर्ल्याहून
वरच्या जुळणीत वार जुळत नाही, हे लक्षात ठेवा. 2006ला रविवार, 2025ला बुधवार. वारासकट कॅलेंडर हवं तर 28 वर्षं मागे जा, 1901 ते 2099 पर्यंत हे हमखास चालतं. शिवाय 4/4, 6/6, 8/8, 10/10, 12/12 यांचा वार एकच असतो, 2026 साली शनिवार. दर दोन तारखांत 63 दिवस, म्हणजे बरोबर नऊ आठवडे.

हर्णैहून
तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण 3. हा मुंबईकडचा हिशेब, दक्षिणेला भरती थोडी आधी लागते. होडी काढायची तर कोष्टकच बघा.

दापोलीहून
‘सचिनचं पदार्पण आणि निवृत्ती एकाच तारखेला’ हे सगळीकडे फिरतं, ते चूक आहे. कराचीत पहिली कसोटी सुरू झाली 15 नोव्हेंबर 1989ला. वानखेडेवर तो शेवटचा बाद झाला 15 नोव्हेंबर 2013ला, 74 धावांवर. सामना संपला 16ला. जुळणी खरी आहे, फक्त ‘शेवटची फलंदाजी’ असं लिहा. कोणती घटना मोजायची ते आधी ठरवा. तारीख बघून घटना निवडली, तर काहीही जुळवता येतं.

देवगडहून
आरतीला 23 माणसं जमली, तर कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. माणसं 23, पण जोड्या 253. तुमच्याच वाढदिवसाचा सोबती हवा असेल, तर मात्र तुमच्याखेरीज 253 माणसं लागतील.